खाऱ्या विहिरीच्या पोरी

अंदमानला जाऊन काय काय पाहिलं, हे अमरावतीच्या राजापेठेत मला इतक्या जणांनी विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. सेल्युलर जेल पाहिलं. रॉस बेट पाहिलं. नील बेटावरचा दगडी पूल पाहिला, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीतून पोवळी पाहिली, हॅवलॉकचा राधानगर पाहिला. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. मग तो फोटो मागतो आणि मी दाखवते. फोटोत मी आणि माझी मोठी बहीण, दोघींच्या डोळ्यांवर गॉगल, दोघींच्या हातात शहाळं. पण खरं सांगायचं तर मी अंदमानला काही पाहायला गेलेच नव्हते. मी माझ्या बहिणीला पाण्यात उतरवायला गेले होते. ती त्रेसष्ट वर्षांची, मी एकोणसाठची. हे सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे पाहत बसतात, म्हणून सांगत नाही. आता लिहूनच टाकते, मग बसा पाहत.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. तिथं जमिनीत कुठंही खणा, पाणी खारंच लागतं. गावात त्यातल्या त्यात गोड पाण्याची एकच विहीर होती, आणि ती आमची नव्हती. आजोबांच्या पिढीनं बुद्धधम्म स्वीकारला, वस्तीत विहार बांधला, पोरं शाळेत घातली, पण त्या विहिरीच्या पायऱ्या काही आमच्यासाठी मोकळ्या झाल्या नाहीत. आई नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून प्यायचं पाणी आणायची. वस्तीला लागून होती ती खारी विहीर. तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. ती कोणालाच नको होती, म्हणून ती आमची होती.

पिण्याचं पाणी नाही, तर पोरांनी त्यात डुंबायला कोणाची हरकत? वस्तीतली सगळी पोरं तिथंच पोहायला शिकली, आणि पोरीही. ताई आठव्या वर्षी शिकली, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. मग तोच डबा तिनं माझ्या पाठीला बांधला आणि मला विहिरीत ढकलून दिलं. मी बोंब ठोकली. ती वरून म्हणाली, "रडू नको, हात मार." ताईसारखं पोहणारं वस्तीत कोणी नव्हतं, पोरांतही नाही. ती काठावरून नाक दाबून उडी मारायची, थेट तळाला जायची आणि तळाचा काळा गाळ मुठीत घेऊन वर यायची. तळाला जाऊन आल्याचा तोच पुरावा. आम्ही पायरीवर बसून आकडे मोजायचो. एक, दोन, तीन, चार. पंधराच्या पुढे गेलो की मी पायरीवर उठून उभी राहायचे. मग पाणी फुटायचं, आणि आधी मूठ वर यायची, मग ताई.

ताई तेरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात गावातली मोठी पोरं आमच्या विहिरीच्या काठावर येऊन बसायला लागली. मिशा फुटलेली पोरं. एरवी आमच्या वस्तीकडे फिरकत नसत. आमच्या हातचं पाणी यांना चालत नव्हतं, आमच्या विहिरीच्या काठावर बसून आमच्या पोरी पाहणं मात्र चालत होतं! ती हसायची, काहीबाही बोलायची. ताई खाली पाण्यात, त्यांच्याकडे बघायचीही नाही. पण मला राग आला. मी नऊ वर्षांची. मला वाटलं, घरी सांगितलं की दादा येईल आणि त्या पोट्ट्यांना चांगला चोप देईल. मी पळत घरी गेले आणि सांगितलं.

दादा आला. आमच्यात तोच सगळ्यांत मोठा, तेव्हा वीस वर्षांचा. काठावर बसलेल्यांना तो एक शब्द बोलला नाही. खाली वाकून पाण्याकडे ओरडला, "निंग बाहेर!" ताई निघाली. ओल्या फ्रॉकवर पायऱ्या चढत, त्या पोट्ट्यांच्या समोरून, मान खाली घालून. ते हसत होते. पोरांना हाकलायचं सोडून आमच्या घरानं पोरीला बाहेर काढलं, आणि त्यानंतर ताई कधी पाण्यात उतरली नाही. मीही नाही. चार वर्षांनी तिचं लग्न झालं, ती अकोल्याला गेली, अंगणवाडी सेविका झाली, लोकांची पोरं वाढवली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. ताईला माहीत नाही की घरी मी सांगितलं, असं मी धरून चालले होते.

मी अमरावतीत शिक्षिका झाले आणि तीस वर्षांच्या वर भूगोल शिकवला. चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात. हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, देव जाणे. दरवर्षी ते लिहिताना मला त्याच्या उलटं आठवायचं. चारी बाजूंनी भिंत आणि मध्ये पाणी, आणि पाण्यात ताई. गेल्या वर्षी मी रिटायर झाले. दुसऱ्याच दिवशी ताईला फोन लावला.

"ताई, अंदमानले जाऊ."

"कायले?"

"पोहाले."

पलीकडून ती हसली. "येडी झाली काय वं तू? माह्ये गुडघे पाह्य. नातू कॉलेजात हाये माह्या." मी म्हटलं, नातवाला नेत नाही, तुला नेते. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, कोणते लोक, नावं सांग, मी जाऊन भेटते. तिनं फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. जेवलीस का, पाऊस आहे का, असं इकडचं तिकडचं विचारून झालं आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "अन् कपडे काय घालाचे?" मी तिथंच ओळखलं, ही येणार.

माझ्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्यालाही मी विचारलं होतं, चलता का. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "समुद्रात पाहाचं काय? पानीच त हाये." त्यांना कुंड्यांना पाणी घालायचं काम देऊन मी मोकळी झाले.

कपड्यांचा प्रश्न राजापेठेतल्या माझ्या शिवणवालीनं सोडवला. ती मुसलमान बाई, तिच्या दोन्ही पोरी माझ्याच वर्गात शिकल्या. समुद्रात पोहायला दोन कुर्ते-पायजमे शिवायचेत म्हटल्यावर तिनं मशीन थांबवलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, हीसुद्धा आता वयाचं काढते. ती म्हणाली, "टीचर, पानी में कुर्ता फुगता. नीचे से नाडी डाल देती मैं. और रंग गहरा लो." तिनं कुर्त्याच्या खालच्या घेराला नाडी घातली, पायजम्याच्या मोहऱ्यांना नाडी घातली, कापड गडद निळं घ्यायला लावलं. माप घेताना म्हणाली, "मेरे कू भी ले जाते थे." मी म्हटलं, पुढच्या वेळी. खरंच म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी दादाचा गावाहून फोन आला. दादा आता सत्तरीचा. माणूस वाईट नाही. दरवर्षी दोघींच्या घरी तुरीची डाळ आणि मूग पोचवतो, आजारी पडलं की पहिल्या बसनं येतो. म्हणाला, "फिरा, मजा करा. पन पान्यात जाऊ नका. या वयात शोभते काय?"

"दादा," मी म्हटलं, "त्या वयात शोभत नव्हतं, या वयात शोभत नाही. मंग शोभते कधी?"

 तो म्हणाला, ठेवतो, आणि ठेवला.

मी बडनेऱ्याला गाडीत चढले तेव्हा ताई अकोल्याहून बसूनच आली होती. खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्यात वर निळा कुर्ता. हावड्यापर्यंत रेल्वे, तिथून विमान. सोबत सहलीची तीस माणसं, सगळी अमरावती, अकोला, परतवाड्याकडची. आपल्याकडच्या सहलींची एक पद्धत आहे, स्वयंपाकी सोबत न्यायचा. आमचे महाराज दोन शेगड्या, तवे आणि ज्वारीचं पीठ घेऊन समुद्र ओलांडून आले होते. त्यामुळे सगळ्या सहलीचं वेळापत्रक समुद्रावर नाही, भाकरीवर ठरायचं. एकला जेवण, साडेसातला जेवण. मध्ये जे उरेल ते अंदमान.

सहलीचा मॅनेजर परतवाड्याचा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी. वर्षानुवर्षं त्यानं परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या सहली काढल्या. चिखलदऱ्याला कसं, गाडीतून उतरायचं, कठड्याला धरून दरी पाहायची, फोटो काढायचा, भजी खायची, पुढच्या पॉइंटला जायचं. त्याच्या लेखी जगात फिरायची दुसरी तऱ्हाच नव्हती. अंदमानातही प्रत्येक किनारा म्हणजे एक पॉइंट. "चला, कॉर्बिन पॉइंट, वीस मिनटं!" अहो, तो समुद्र आहे, पॉइंट कसला! पण वीस मिनिटं झाली की शिट्टी, आणि तीस माणसं मुकाट्यानं बसमध्ये.

पोर्ट ब्लेअरला पहिल्या दिवशी जेल पाहिलं. तिथल्या कोठड्यांसमोर शिट्टी वाजवायची त्याचीही हिंमत झाली नाही, तेवढंच. संध्याकाळी कॉर्बिनचा किनारा. माडाची झाडं, पिवळी वाळू, आणि मगरीपासून सावध राहा अशी पाटी. पोहायची ती जागा नव्हतीच. पण ताईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो तिथं. साडी घोट्यापर्यंत धरून ती पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि डावीउजवीकडे काहीतरी शोधायला लागली.

"काय पाह्यते?" मी विचारलं.

"पायऱ्या कुठी हायेत?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. विहिरीत पोहणारा माणूस पायरीनं उतरतो आणि दमला की भिंत धरतो. ती म्हणाली, "भिंतच नाही. थकलं त धराचं काय?"  मग तिनं वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थोडा वेळ चव घेतली. "आपल्या विहिरीपेक्षा जास्त खारं हाये," म्हणाली. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या बाईचा निकाल तो. तेवढ्यात शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट. जुन्या पडक्या भिंतींवर वडाची मुळं चढलेली, खाली हिरवा समुद्र, आणि मोकळी फिरणारी चितळं. आमच्या सहलीतली सगळी माणसं वीसच्या वीस मिनिटं चितळांचे फोटो काढत बसली. आपल्या मेळघाटात, सेमाडोहला, ही चितळं जीपच्या आडवी येतात, तेव्हा हेच लोक हॉर्न वाजवतात. चितळ पाहायला दोन दिवस प्रवास करून आले! मी तसं मोठ्यानं बोलले. दोन बाया माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. नका बोलू.

नील बेटाकडे जाताना बोटीत, दिवसाढवळ्या, चारी बाजूंना नुसतं पाणी असताना मी ताईला सांगून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी घरी मीच सांगतलं होतं. पोट्टे येऊन बसते म्हणून. मले वाटलं, दादा त्यायले मारन."

ताई खिडकीबाहेर पाहत होती. "मालूम हाये मले."

"कव्हापासून?"

"तव्हापासूनच. दादाच्या मांगं तूच त पयत आली होती." दादाच्या मागं पळत येताना तिनं मला पाण्यातून पाहिलं होतं. पन्नास वर्षं तिला माहीत होतं! मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. तिनं तसं काही म्हटलं नाही. म्हणाली, "लय वाईट वाटलं होतं मले. बारा-तेरा वर्साच्या पोरीले जसं वाटते तसं नाही. जेवन जात नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् आता काय, विहिरीच्या बदल्यात समुद्र देऊन राहिली काय?"

"हो."

"पाहू," ती म्हणाली.  त्या 'पाहू'वर मला पुढचे दोन दिवस काढायचे होते.

नीलवर भरतपूरचा किनारा. तिथल्या काचेच्या बोटीत ताई काचेवर अशी वाकली की उठेचना. खाली पोवळी, निळे मासे, वाळूचा तळ. ती तळ पाहत होती. मग ओहोटीच्या वेळी दगडी पूल, शेवाळलेले खडक, डबक्यांत समुद्रकाकड्या. गुडघ्यांमुळे ती पुलापर्यंत आली नाही, एका खडकावर पाय सोडून बसली. आणि मग संध्याकाळी लक्ष्मणपूरचा सूर्यास्त. या सूर्यास्तानंच आमचं काम केलं, म्हणून तो नीट सांगते.

मॅनेजरच्या कागदावर लिहिलेलं होतं, "लक्ष्मणपूर सनसेट पॉइंट, सायंकाळी सहा." मी दुपारीच त्याला म्हटलं, अहो, अंदमान आपल्यापेक्षा पंधरा-सोळा अंश पूर्वेला आहे. इथं सूर्य आपल्या तासभर आधी बुडतो. तो माझ्याकडे कनवाळूपणे पाहून म्हणाला, "मॅडम, साऱ्या भारतात टाइम एकच असते नं?" म्हटलं, घड्याळ एकच आहे, सूर्याला घड्याळ नाही. "मी इतके वर्ष चिखलदऱ्याले सनसेट दाखवून राहिलो मॅडम," तो म्हणाला, आणि चहा प्यायला गेला. तीस वर्षं पोरांना जे घोकून घेतलं ते या माणसाला एका मिनिटात कसं समजावू? आम्ही सहाला लक्ष्मणपूरला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. तीस माणसं मोबाइलचे टॉर्च लावून वाळूत उभी. एक गृहस्थ पार समुद्राच्या दिशेनं टॉर्च मारून म्हणाले, "झाला काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याच्या वेळी मी उभी राहिले. वर्गात उभी राहायचे तशी. म्हटलं, आज राधानगरला आपण दुपारी दोनलाच निघायचं, आणि वीस मिनिटं नाही, दोन तास. ज्यांना जेवण महत्त्वाचं त्यांनी डबा बांधून घ्यावा. आदल्या संध्याकाळी टॉर्च मारून सूर्य शोधलेली तीस माणसं माझ्या बाजूनं बोलली, माझ्याशी न बोलणाऱ्या त्या दोन बायासुद्धा. मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो म्हणाला, ठीक आहे. पण आता त्याला अंधाराचा असा धसका बसला होता की लगेच पुढे म्हणाला, "साडेचारले शिट्टी म्हणजे शिट्टी. उजेडातच वापस."

हॅवलॉकला सकाळची बोट. दुपारी राधानगर. गाडी थांबते तिथून किनारा दिसत नाही. आधी मोठमोठी उंच झाडं, मेळघाटात असते तशी सावली, आणि मग एकदम मोकळं. पांढरी, मैद्यासारखी बारीक वाळू, लांबच लांब, आणि पाणी आधी बिनरंगाचं, मग पोपटी, मग निळं. मी फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र रंगवायचे तेव्हा मुलं विचारायची, बाई, खरंच असा असतो का? मी हो म्हणायचे, न पाहता. खोटं नव्हते बोलले.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघींनी निळे कुर्ते घातले, नाड्या आवळल्या. ताई आरशापुढे थांबली नाही, सरळ येऊन एका झाडाखाली ओंडक्यावर बसली आणि गुडघा चोळायला लागली. "तू जाय पहिले," म्हणाली. जीवरक्षकाला मी विचारलं, त्यानं दोन झेंड्यांच्या मधली जागा दाखवली, तिथं निर्धास्त जा म्हणाला. मी गेले. कमरेइतक्या पाण्यात पोचले, पुढून एक लाट आली, आणि मी विहिरीत मारतात तशी नाक दाबून तिच्यावर उडी मारली.

लाटेवर उडी मारायची नसते हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. लाटेनं मला उचललं, उलटं केलं आणि वाळूवर आणून घासलं. नाकातोंडात पाणी, केस तोंडावर, एक चप्पल डोळ्यांसमोरून तरंगत गेली, माझी नव्हती, कोणाची होती कोण जाणे. मी खोकत उठून बसले तर ओंडक्यावर ताई हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बैताडे! लाटीवर कोनी उडी मारते काय वं!" आणि तशीच हसत ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, चपला काढल्या. "थांब, मी दाखवते." मला शिकवायला आली ती. माझ्या सगळ्या योजना, फोन, भाषणं, कशाचा काही उपयोग झाला नव्हता. मला समुद्रात पोहता येत नाही हे पाहिल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. लाट आली की ती नुसती वर उचलली जायची आणि लाट खालून निघून जायची. छातीइतक्या पाण्यात ती थांबली. चेहरा असा झाला की मी घाबरले. "काय झालं? गुडघा?"

"पाय टेकून राहिले वं!"

विहिरीत पाय टेकत नसतात. भिंत सोडली की पोहायचंच, नाहीतर बुडायचं. इथं भिंत नव्हती, पण उभं राहता येत होतं. मनात येईल तेव्हा. ती मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "पाय टेकते अठी!" आणि तिनं पाय उचलले. हनुवटी वर, दोन्ही हात गोल फिरवत, खाऱ्या विहिरीतलं तेच पोहणं. खारं पाणी अंगाला वर उचलत होतं. पन्नास वर्षं आणि गुडघे कुठं गेले कळलं नाही. ती दोन झेंड्यांच्या मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि आली, आणि पुन्हा गेली. मी तिच्या मागं जमेल तसे हात मारत होते आणि माझ्या तोंडात खारं पाणी जात होतं आणि मी रडत होते, ते कोणाला कळायचं कारण नव्हतं.

मग मला किनाऱ्यावरचं हसणं ऐकू आलं. आमच्याच सहलीतले पाच-सहा पुरुष, ताई बसली होती त्याच ओंडक्यावर येऊन बसले होते. मोबाइल वर धरलेले. "मावशी, इकडं पाहा नं! मासोळी झाल्या आमच्या मावशी!" म्हटलं तर थट्टा. ताईचे हात थांबले. ती उभी राहिली, गळ्याइतक्या पाण्यात, आणि तिची मान खाली गेली. ती मान मी ओळखते. पायऱ्या चढताना तशीच होती.

आणि शिट्टी वाजली. साडेचार. सूर्य अजून हातभर वर होता.

आता जे सांगते ते मला सांगायला आवडत नाही. आयुष्यभर तोंड चालवणारी मी, दादाला फोनवर सुनावणारी मी, शिट्टी ऐकली आणि वळले. तीस वर्षं घंटेवर उठले-बसले, पायांना तेच माहीत. मी किनाऱ्याकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. ताईनं माझं मनगट धरलं.

"कुठी चालली?"

"शिट्टी झाली, ताई."

"झाली त होऊ दे."

"सारे पाहून राहिले."

तिनं मान वर केली. ओंडक्याकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. मग अंगणवाडीतल्या चाळीस पोरांना गप्प करणारा तो आवाज काढला. "पाह्य म्हना! काढा फोटू, चांगला काढा! अन् आमच्या दादाले पाठवा गावी! त्याले सांगा, पोरी पान्यातच हायेत, निंगत नाहीत!"

ओंडक्यावरचं हसणं बंद झालं. एक मोबाइल खाली आला, मग दुसरा. मॅनेजर बूट घालूनच पाण्याच्या कडेला आला आणि पुन्हा शिट्टी वाजवली, लांब, दम लागेपर्यंत. ताईनं त्याच्याकडे पाठ केली. माझ्याकडे पाहिलं आणि नाक दाबलं. मी काही म्हणायच्या आत ती खाली गेली.

पाणी मिटलं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. मॅनेजर ओरडत होता, मावशी, मावशी, कुठी गेल्या. सात, आठ. जीवरक्षक उठून उभा राहिला. मी हातानंच त्याला थांब म्हटलं. बारा. तेरा.  चौदा. पंधरा.

माझ्यासमोर पाणी फुटलं आणि आधी मूठ वर आली.